खळीने चिकटवलेली कार्डं

आमच्या माहेरी कागद फुकट घालवणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं होतं. आलेलं पाकीट अलगद सोडवायचं, उलटं करायचं, पुन्हा चिकटवायचं आणि त्यातून मावशीला पत्र पाठवायचं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाण्याची यादी. पाठकोरा कागद चुरगाळला म्हणून मी आईच्या हातचा धपाटा खाल्लाय. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. या सवयीपायी पुढे कुवेतमध्ये एका भल्या माणसाला घरी जावं लागलं, आणि ती सवय माझी होती, म्हणून सांगते आहे.

मी तेव्हा शुवैखमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट होते. लोखंडी टाक्या आणि पाइप जोडून द्यायचं काम होतं कंपनीचं. मालक कुवेती, मॅनेजर पुण्याचे, आणि वेल्डर-फिटर बहुतेक कोकणातले. बायकापोरं गावाला ठेवून कॉन्ट्रॅक्टवर आलेले, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारे. माझे मिस्टर मीना अल-अहमदीला इंजिनियर होते. आम्ही सालमियात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि मी बसने शुवैखला जायचे.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आत शिरलं आणि सगळ्यांचीच पळापळ झाली. बसने वाळवंट ओलांडून अम्मान, तिथे तंबूत कितीतरी दिवस, मग विमानाने मुंबई. सात महिन्यांनी, पुढल्या वर्षी, कुवेत सुटलं आणि थोड्या महिन्यांनी आम्ही परत आलो, तेव्हा तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. भरदुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागायचे, आणि दोरीवरचे कपडे काढले की हात काळे व्हायचे.

आमचं वर्कशॉप सैन्याने आपल्या गाड्या दुरुस्त करायला वापरलं होतं. जाताना त्यांनी लेथ मशीन नेलं, पंखे नेले, भिंतीतल्या वायरीसुद्धा ओढून नेल्या. माझी खुर्ची गेली, टाइपरायटर गेला. तिजोरी फोडलेली होती आणि आतले कामगारांचे पासपोर्ट गायब. तिकडे कामगाराचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायची रीत, त्यामुळे पळताना त्या बिचाऱ्यांच्या हातात काही नव्हतंच. एका पानाच्या तात्पुरत्या दाखल्यावर ते मुंबईला उतरले, आणि तो दाखलाही विमानतळावर काढून घेतला गेला. म्हणजे अमुक माणूस अमुक दिवशी कुवेतमधून बाहेर पडला, याचा कागद कुणापाशीच उरला नाही.

लुटारूंनी माझ्या कपाटात मात्र दोन खोकी जशीच्या तशी सोडली होती. त्यांत कोरी कार्डं होती. वर्कशॉपमध्ये ये-जा करणाऱ्यांसाठी सैन्याने छापून आणलेले पास. जाड, गुळगुळीत, सुरेख कागद. वरच्या बाजूला त्यांच्या सरकारचा गरुड आणि अरबीत दोन ओळींत सैन्याचं नाव. खाली फोटोची चौकट, आणि नाव, काम, नंबर अशा ओळी, अरबीतही आणि इंग्रजीतही.

झालं असं की, बंदरातला माल उचलायला आमच्या माणसांना तिथल्या फाटकातून जावं लागायचं आणि त्यासाठी कंपनीचं ओळखपत्र लागायचं. सरकारी कार्ड वेगळं, हे वेगळं. गावात एक छापखाना धड नव्हता. कागद मिळत नव्हता. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, डोकं धरून बसले होते. आणि मी, आईची लेक, ती दोन खोकी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, साहेब, नाव, काम, नंबर हे कुठल्याही राज्यात सारखंच असतं. वरचा गरुड तेवढा झाकला की झालं.

साहेबांनी मला शाबासकी दिली. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात टायपिस्टला शाबासकी मिळणं ही काही रोजची गोष्ट नव्हे, मी फुलून गेले. कंपनीच्या जुन्या लेटरहेडचा एक गठ्ठा मोडक्या टेबलाखाली सापडला होता. त्याचं वरचं डोकं कापून पट्टी करायची, ती गरुडावर चिकटवायची, आणि अर्धा पट्टीवर अर्धा कार्डावर असा कंपनीचा गोल शिक्का मारायचा. तारीख टाकायला कार्डावर जागाच नव्हती, म्हणून ती मी पट्टीवरच हाताने लिहिली. बाकी सगळं कार्डावर.

चिकटवायला डिंक नव्हता. मग काय, खळ. घरी मैद्याची खळ शिजवून डब्यात भरून आणली. आता खळ करताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात, नाहीतर किडे-झुरळं येतात, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण जळक्या कुवेतमध्ये मोरचूद कुठून आणू? म्हटलं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तीन महिन्यांत छापखाने सुरू होतील, नवी कार्डं होतील. तेहतीस कार्डं मी एका आठवड्यात केली, आणि पहिल्या पाचांतलं एक काकांचं होतं.

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वेल्डर. मालवणाकडचे. पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटक, बोलायला कमी. युद्धाच्या आधी बारा वर्षं ते त्याच वर्कशॉपमध्ये होते. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला वयनी. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी आपल्या वाडीतली सात मुलं एकेक करून कुवेतला आणली. कुणी पुतण्या, कुणी मेव्हण्याचा पोरगा, कुणी नुसताच शेजारचा. कंपनीने त्यांना घेतलं ते काकांच्या शब्दावर. त्यांची कार्डं मीच केली, उरलेल्या खोक्यातली. तोवर बाजारात डिंक मिळायला लागला होता, म्हणून त्यांच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या. त्यांवरही तारीख पट्टीवरच होती.

हो, उरलेल्या खोक्यातली. तुम्ही म्हणाल, तीन महिने कुठे गेले? मीही तेच म्हणत होते. छापखाने सुरू झाले, रस्ते झाले, सालमियात दुकानांवर नवे दिवे लागले, पण कार्डं तीच. साहेबांना मी दोनदा लेखी चिठ्ठी दिली की आता नवी छापून घेऊ या. पहिल्या वेळी ते म्हणाले, चाललंय ना, चालू दे. दुसऱ्या वेळी चिठ्ठी न वाचताच खणात टाकली. तिसऱ्यांदा मी दिली नाही. आपणही किती कटकट करणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही एवढं काही वाटत नव्हतं.

पाचव्या वर्षी काका सुट्टीवर गावी गेले. कार्ड खोलीत पत्र्याच्या पेटीत ठेवून गेले. दोन महिन्यांनी आले, पेटी उघडली, कार्ड काढून खिशात घातलं आणि कामाला लागले. त्या दोन महिन्यांत झुरळांनी माझी खळ खाऊन टाकली होती. पट्टी गळून पडली होती, तिचे तुकडे पेटीच्या तळाशी असतील नाहीतर तेही खाल्ले असतील. काकांना अरबी वाचता येत नव्हतं. वरचा कागद फाटला, एवढंच त्यांना वाटलं.

आता ते कार्ड कसं दिसत होतं बघा. वर इराकी गरुड. खाली सैन्याचं नाव. त्याखाली काकांचा फोटो, काकांचं नाव, काकांचा हुद्दा. तारीख झुरळांच्या पोटात. कंपनीच्या शिक्क्याचा अर्धा गोल एका कडेला, जो सैन्य इथे असतानाचाही असू शकत होता. बंदराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने ते पाहिलं आणि काकांना बाकावर बसवलं. मारलं नाही, ओरडला नाही. पण दुपारपर्यंत त्याने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही, असं काका सांगायचे. मग आमचा मंदूब, म्हणजे कंपनीचे कागद सरकारी कचेऱ्यांत फिरवणारा माणूस, जाऊन त्यांना घेऊन आला.

कार्ड गेलं थेट मालकाकडे. मालकाला मी दोष देणार नाही. त्याच्या धाकट्या भावाला सैन्याने उचलून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. ना जिवंत, ना प्रेत. अशा माणसाच्या टेबलावर तो गरुड आणि त्याखाली आपल्याच वेल्डरचा चेहरा. त्याने साहेबांना बोलावून एवढंच विचारलं की हा माणूस त्या सात महिन्यांत इथे राहून त्यांच्या गाड्या जोडत होता का?

उत्तर सोपं होतं. साहेबांनी फक्त म्हणायचं होतं की नाही, ही कार्डं आम्ही नंतर वापरली, मीच परवानगी दिली. दोन वाक्यं. पण साहेबांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, मला कल्पना नाही, चौकशी करतो.

हे साहेब सालमियात आमच्या गणपतीचे अध्यक्ष होते बरं का. मखराचा लोखंडी सांगाडा दर वर्षी काका फुकट जोडून द्यायचे आणि साहेब त्यापुढे सोवळं नेसून आरती करायचे. 'आपली माणसं, आपली माणसं' हा त्यांचा भाषणातला आवडता शब्द. त्या दिवशी आपलं माणूस ओळखायची वेळ आली आणि यांना कल्पना नव्हती.

मला कळलं तेव्हा मी टाइप करता करता उठले आणि थेट त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. त्यांनी दार लावायला सांगितलं. मग अगदी शांतपणे ते मला समजावू लागले, आणि त्या शांतपणानेच माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणे, मालकाला काय सांगू, की त्यांच्या भावाला नेणाऱ्यांची कार्डं आपण पाच वर्षं खिशात घालून हिंडतोय? अशी चाळीस? मी म्हटलं, खरं आहे तेच सांगा. तेव्हा ते म्हणाले,

"बाई, ती कल्पना तुमची होती. तेवढं विसरू नका."

बोलले ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.  शाबासकी दिली तेव्हा कल्पना दोघांची होती. आता ती माझी एकटीची झाली.

काकांकडे चार दिवसांत पुरावा मागितला. पुरावा कसला? की तुम्ही त्या सात महिन्यांत इथे नव्हता. पासपोर्ट लुटला गेलेला, दाखला मुंबईत काढून घेतलेला, नवा पासपोर्ट नंतरचा. माणूस होता कुठे? तर गावाला. त्याच हिवाळ्यात काकांची आई गेली होती, सगळ्या वाडीने तिच्या तेराव्याचं जेवण जेवलं होतं. ती सात मुलं त्या पंगतीत बसलेली. पण जेवलेल्या माणसाची साक्ष चालत नाही, कागद लागतो. मी म्हटलं, ग्रामपंचायतीचं पत्र मागवू. पोस्टाने यायला महिना लागला असता. महिन्याची मुदत द्या म्हटलं, तर साहेब हसले. म्हणाले, पंचायतीचं पत्र चहाच्या कपावर मिळतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी, डोळ्यांदेखत. आणि संन्याशाला वर म्हणायचं, तू संन्यासी असल्याचा दाखला आण.

इकडे काकांच्या खोलीतलं वातावरण बदललं होतं. सात मुलं सोडली तर बाकीचे त्यांच्याशी जपून बोलायला लागले. कुणी म्हणालं नाही की तुम्ही शत्रूचं खाल्लंत. पण जेवायला एकत्र बसणारे उठून आपापल्या खाटेवर ताट नेऊ लागले. काकांनी हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा सांगितलं, आणि सांगताना ते खाली बघत होते.

घरी मी मिस्टरांना सांगितलं की मी लेखी देणार आहे. मालकाच्या हातात, साहेबांना मधे न घेता. काय झालं, कार्डं कुठून आली, पट्टी कुणी चिकटवली, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.  त्यांचं म्हणणं होतं की तू लिहिशील आणि तुझ्याच नावावर शेकेल. शत्रूचे कागद वापरायची कल्पना हिची, असं एकदा फाइलवर चढलं की तुझी रेसिडेन्सी गेली, कदाचित माझीही. मुलीची शाळा मधेच. मी म्हटलं, आणि काकांचं? ते म्हणाले की काकांचं वाईटच आहे. असं वाईट वाटणं किती स्वस्त असतं ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही खूप भांडलो. मुलगी आतून इंग्रजीत म्हणाली की आवाज कमी करा, अभ्यास चाललाय.

तरी मी लिहिलं. बुधवारी संध्याकाळी, ऑफिसातले सगळे गेल्यावर, एक पान इंग्रजीत टाइप केलं. खाली सही केली. टाइप करतानाच कार्बन घालून एक प्रत स्वतःसाठी काढली होती. मूळ प्रत पाकिटात घातली. पाकीट नवं कोरं घेतलं, उलटं केलेलं नव्हे. शनिवारी सकाळी मालक वर्कशॉपला यायचा, तेव्हा द्यायचं ठरवलं. निघताना काकांना फोरमनच्या खोलीत गाठून सांगितलं की मालकाला द्यायला सगळं लिहून पाकिटात घातलंय, घाबरू नका, शनिवारी सगळं नीट होईल. माझ्या मते त्या दिवशी मी फार शूर होते.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला बेल वाजली. दारात काका. इतक्या वर्षांत ते कधी आमच्या घरी आले नव्हते. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, केस तेल लावून बसवलेले, हातात सफरचंदांची पिशवी. बसने आले होते, दोन बस बदलून. सोफ्याच्या अगदी टोकावर बसले. चहा बशीत ओतून प्यायले. मिस्टर समोर होते, त्यांना 'साहेब' म्हणाले, तेव्हा मिस्टरांनी मान खाली घातली.

मग काकांनी ते पाकीट मागितलं. मला वाटलं, वाचून घ्यायचं असेल. मी काढून दिलं आणि आत काय लिहिलंय ते सगळं मराठीत सांगितलं. ऐकताना मान हलवत होते. चाळीस कार्डांचा उल्लेख आला तिथे त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा सांगायला लावली. चाळीस, सगळी त्याच खोक्यांतली, सगळी माझ्या हातची. मी सांगितलं. तेव्हा त्यांनी पाकीट घडी करून आपल्या शर्टाच्या खिशात घातलं.

"वयनी, तुमी माज्यासाठी केलात ता माका कळता. पण ह्यो कागद पुढे जावक नको. माज्या सात पोरांची कार्डां ह्याच गठ्ठ्यातली."

मी म्हटलं, काका, ती मुलं तर युद्धानंतर आली, त्यांच्यावर कोण शंका घेईल? ते म्हणाले की माझ्यावर तरी कुणी घेतली असती? तारीख तुमच्या पट्टीवर. पट्टी सुटली की सगळे सारखे. मालकाला एकदा कळलं की घरात चाळीस गरुड आहेत, तर तो काय निवडत बसणार आहे? सगळ्यांनाच झाडून काढील. त्याचा भाऊ गेलाय, त्याला कोण बोलणार? हे ते अगदी सरळपणे सांगत होते, जणू पाइपचा जोड कुठे फुटेल ते दाखवतायत. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त मी आणि साहेब होतो, आणि माझं खरेपण.

"मी येकटो गेलंय तर येकटो गेलंय. ते सात गेले तर मी गावात खयच्या तोंडान फिरू?"

मी रडायला लागले. रागाने रडायला लागले, दुःखाने नव्हे. काकांनी उलट माझीच समजूत घातली, की सतरा वर्षं खाल्लं इथलं अन्न, पुरे झालं, आंब्याची दहा झाडं आहेत, डोळेही आता वेल्डिंगच्या झोतापुढे टिकत नाहीत. सगळी कारणं मला बरं वाटावं म्हणून. सफरचंदं मुलीला द्या म्हणाले आणि गेले. दुपारची बस उन्हाची असते म्हणून मिस्टर त्यांना गाडीने सोडतो म्हणत होते, पण ते नको म्हणाले.

शनिवारी मालक आला. कार्बनची प्रत माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर होती. मालक माझ्या टेबलासमोरून आत गेला, अर्ध्या तासाने बाहेर आला, मला सलाम म्हणाला, मी सलाम म्हटलं. जी पर्स घेऊन गेले तीच पर्स घेऊन मी घरी आले. काकांनी नको म्हटलं होतं, सात मुलांचा प्रश्न होता, हे सगळं खरंच आहे. पण मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं आहे, आणि त्याबद्दल मला आजही माझाच संताप येतो.

काकांकडून राजीनामा लिहून घेतला. चौकशीत काही सिद्ध झालं नाही, पण मालकाच्या समाधानासाठी, असं साहेब सर्वांना सांगत होते. राजीनामा टाइप करायला माझ्याकडे आला. स्वखुशीने, घरगुती कारणास्तव. मी मशीनवरचे हात काढून घेतले आणि म्हटलं, हे माझ्याने होणार नाही. साहेबांनी स्वतः बसून दोन बोटांनी तो टाइप केला, आणि काकांनी सही केली. सोमवारी ते गेले. सात मुलं विमानतळावर गेली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

त्यानंतर बारा दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक खोकं होतं. त्यात नवीकोरी कार्डं, कंपनीचं नाव छापलेली, प्लास्टिकचं आवरण वगैरे. साहेब म्हणाले, जुनी झिजली आहेत म्हणून सगळ्यांची जमा करा, ही वाटा, जुनी माझ्याकडे आणून द्या, बोभाटा नको. मी सकाळी बसले. नाव, काम, नंबर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मी झाली. चार वाजता शेवटचं कार्ड झालं. एकोणचाळीस. जुनी एकोणचाळीस मी साहेबांना मोजून दिली. त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात ती माझ्यासमोर जाळली. जाड कागद, सावकाश जळत होता.

मी विचारलं की साहेब, एका दिवसाचं काम होतं. हे तुम्ही तीन आठवडे आधी केलं असतंत, तर मालकाला कळलंही नसतं की अशी आणखी कार्डं आहेत. काकांचं कार्ड नंतरचं आहे एवढं सांगितलंत तरी भागलं असतं.

साहेब काठीने पिंप ढवळत होते. वर न बघता म्हणाले, "खोकं तेव्हाच आलं होतं हो. कार्डं कपाटातच होती. पण मालकांना एक माणूस हवा होता. तो मिळाल्याशिवाय त्यांनी हा विषय सोडला नसता."

त्यांच्या तोंडावर थुंकावं असं मला वाटलं. मी थुंकले नाही. त्या वर्षी गणपतीच्या मखराचा सांगाडा एका फिटरने जोडला, आरती साहेबांनीच केली, आणि टाळ माझ्या हातात होते. त्या ऑफिसात मी आणखी सहा वर्षं नोकरी केली.